नातालीन मावशीची वरात

मी आता जे सांगणार आहे ते कुणालाही पटणार नाही. माझ्या सख्ख्या भावाला पटलं नाही, आणि तो तर त्या दिवशी माझ्या मागे क्लॅरिनेट वाजवत चालला होता.

"मग आम्हाला कशाला सांगता, पप्पा?" जावई म्हणाला. एडविन त्याचं नाव. बँकेत आहे. सही जुळल्याशिवाय त्याला स्वतःचं नावसुद्धा पटत नाही.

"तू घरात नवा आहेस म्हणून," मी म्हणालो. "जुने ऐकत नाहीत."

आम्ही ओट्यावर बसलो होतो. पलीकडे सेरफिन, माझी बायको, मांडीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत होती. माझी गोष्ट सुरू झाली की ती मान खाली घालते. ऐकते की नाही ते शेंगांनाच ठाऊक.

तेव्हा माझी छाती अशी होती, की मी देवळाच्या पायरीवर ट्रंपेट फुंकलं की समुद्रात लांब गेलेल्या होड्या माघारी वळायच्या.

"भोंगा समजून?" एडविनने विचारलं.

"जेवण तयार आहे असं समजून. मध्ये बोलू नकोस."

देऊळ म्हणजे आमचं चर्च. वसईच्या किनाऱ्यावरचे आम्ही जुने लोक चर्चला देऊळच म्हणतो. आमच्या खारआळीत माझा बँड होता आणि मला सगळे कायतान मास्तर म्हणायचे. बँडचा एक रिवाज माझ्या बापापासून चालत आला होता. लग्नाला बोलावल्याशिवाय जायचं नाही आणि मयताला बोलावण्याची वाट बघायची नाही. आळीत कुणी वारलं, की आम्ही आपले कोट चढवून दारात उभे. लग्नाचा एक पैसा सोडत नसू आणि मयताचा एक पैसा घेत नसू. बँड दारात वाजला की मयताची पेटी उचलायची, हे आळीतल्या पोरासोरांनाही माहीत. घड्याळ कुणी बघत नसे. ढोल ऐकू आला म्हणजे निघायची वेळ झाली.

आमच्याच आळीतला आगस्टीन मुंबईला गेला आणि शेठ होऊन परत आला. समुद्रावर त्याने हॉटेल बांधलं, चार मजल्यांचं. रात्री त्याचे दिवे लागले की आमच्या कोंबड्या उजाडलं समजून आरवायच्या. त्याच्या मुलीचं, लुर्दीनचं, लग्न ठरलं तेव्हा त्याने मला बंगल्यावर बोलावलं. खुर्चीवर बसवलं, चहा दिला, तोही बशीसकट.

"मास्तर," शेठ म्हणाला, "रविवारी संध्याकाळी लग्न. देवळातून मांडवापर्यंत वरात तू न्यायचीस. मुंबईची मोठमोठी माणसं येणार आहेत. नीट वाजवलंस, तर पुढच्या शनिवारपासून हॉटेलात तुझाच बँड. कायमचा."

"कायमचा म्हणजे?"

"कायमचा म्हणजे कायमचा. पांढरे कोट, गळ्याला बो, महिन्याला पगार."

तेव्हा माझी केळीची वाडी होती. केळी आणि मी एकमेकांना कंटाळलो होतो. सेरफिन रोज पहाटे डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला जायची. मी त्या दिवशी घरी आलो, तिच्या डोक्यावरची चुंबळ काढून चुलीत टाकली आणि म्हणालो, "संपलं. मास्तरची बायको आता टोपली घेणार नाही." तिने मला दुसरी चुंबळ करायला लावली, ती गोष्ट वेगळी. पण मी शिंप्याकडे गेलोच. पांढऱ्या कोटाचं माप दिलं. बो लावून आरशात पाहिलं. इतका देखणा दिसलो, की शिंप्याने टोपी काढली.

आणि शनिवारी नातालीन मावशी वारली.

ती कुणाची मावशी हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती सगळ्यांची होती. एक खोली, तिच्याभोवती मोगरा, अबोली, शेवंती. रोज पहाटे देवळातल्या वेदीवर ताजी फुलं ठेवायची. आळीतल्या प्रत्येक नवरीच्या केसातली वेणी तिने गुंफलेली. प्रत्येक पोरीला पहिल्या कम्युनियनला, देवळात पहिला प्रसाद घेताना, फुलांचा मुकुट तिच्या हातचा. स्वतःचं लग्न झालंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "सगळ्यांना सजवता सजवता माझ्यापुरती फुलं उरली नाहीत."

शेठने तिला हॉटेलात फुलं मांडायला ये म्हणून सांगितलं होतं, पगारावर. मावशी जाऊन हॉटेल बघून आली. परत येऊन म्हणाली, "छान आहे. पण तिथे कुणी गुडघे टेकत नाही. मग फुलं कुणासाठी ठेवायची?"

आदल्या ईस्टरला देवळातली मिस्सा संपल्यावर तिने मला पायरीवर गाठलं होतं.

"कायतान, मी गेले की ती रडकी धून वाजवायची नाही."

"मग काय वाजवू?"

"आज वाजवलीस ती. ईस्टरची. येशू उठला ती."

"मावशी, मयताला अशी नाचरी धून? फादर मला देवळाबाहेर काढतील."

"फादरना मी वरून सांगेन. तू वाजवणार की नाही तेवढं सांग."

"वाजवीन," मी म्हणालो. असं आपण म्हणतोच.

तर मावशी वारली शनिवारी. फादर आंद्रूंनी रविवारी सकाळी मिस्सा ठेवली. पण नाशिकहून तिचा एकुलता एक भाचा यायचा होता, तो संध्याकाळपर्यंत पोचणार. म्हणून मिस्सा झाल्यावर पेटी देवळामागच्या खोलीत ठेवायची आणि लग्न आटोपलं, वरात मांडवात पोचली, की मग मूठमाती द्यायची असं ठरलं. शेठ मला शनिवारीच भेटून गेला. "मास्तर, रविवारची सगळी संध्याकाळ बँड माझा. मयत-बियत काही नाही."

"मास्तर, मावशीचं काय?" दुमाने विचारलं. दुमा आमचा मोठा ढोल वाजवायचा. ढोलामागे उभा राहिला की कुणाचं पोट कुठलं आणि ढोल कुठला, कळायचं नाही.

"मावशीला घाई नाही," मी म्हणालो. "शेठला आहे."

त्या दिवशी दुमा जेवला नाही. दुमा जेवला नाही म्हणजे समुद्राला भरती आली नाही.

रविवारी लग्न लागलं. देवळाबाहेर फुलांनी मढवलेली गाडी, मागे मुंबईची मंडळी, रेशमी साड्या, सूट, अत्तराचा असा घमघमाट की देवळावरची कबुतरं शिंकत होती. शेठ पाहुण्यांच्या स्वागताला मांडवाकडे पुढे गेला. फादर आंद्रू आपल्या लुनावर बसून मागच्या वाटेने कबरस्तानाकडे गेले, तिथे पेटीची वाट बघत थांबायला. मी ट्रंपेट उचललं, दुमाने ढोलावर दणका दिला आणि वरात निघाली.

आता नीट ऐक, एडविन. देवळामागच्या त्या खोलीत पेटीपाशी कोण बसलं होतं? नाशिकचा भाचा आणि खांदा द्यायला आळीतले चार म्हातारे. त्यांतला मोठा रेमेत बाबा, ठार बहिरा. पण दुमाचा ढोल कानाने नाही, तळपायाने ऐकू येतो. रेमेत बाबाला जमीन हलली तशी तो उठला. "चला, बँड आला."

"अहो, पण लग्नाचा बँड होता ना?" एडविन म्हणाला.

"तू बँकेत आहेस. तुला घंटा वाजली की काउंटर बंद करायचा हे कळतं ना? तसं त्यांना ढोल वाजला की पेटी उचलायची हे कळत होतं. आळीत मावशी मेलेली, बँड दारात वाजतोय. दुसरा अर्थ त्यांच्या बापजन्मी निघाला नसता."

त्यांनी पेटी उचलली, बाजूच्या दारातून रस्त्यावर आले आणि रिवाजाप्रमाणे बँडच्या मागे लागले. बँडच्या मागे म्हणजे आमच्या आणि नवरीच्या गाडीच्या मध्ये. ड्रायव्हर मुंबईचा. त्याला वाटलं, वसईची पद्धत असेल. हळूहळू मागून गाडी चालवत राहिला.

मी सगळ्यांत पुढे, मला काय माहीत. मी आपला जोरात. तेवढ्यात दुमा ढोल बडवत बडवत माझ्या शेजारी आला.

"मास्तर, मावशी आली."

मी ट्रंपेट ओठांवरून न काढता भुवईने विचारलं, कोण मावशी?

"नातालीन."

मी ट्रंपेट काढलं. "ती वारली रे."

"हो. तशीच आली."

मागे वळून पाहिलं. एव्हाना आम्ही तिठ्यावर पोचलो होतो. तिथे आमचा जुना क्रूस आहे. डावीकडे शेठचा बंगला आणि मांडव, उजवीकडे समुद्राकडे कबरस्तान. वरातीला वाटेत मयत भेटली तर वरातीने थांबायचं, वाजवणं बंद करायचं, टोप्या काढायच्या, हा आमच्या वाडवडिलांचा नियम. पण दोघं एकाच बँडच्या मागून येतील, हे वाडवडिलांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी थांबलो. बँड थांबला. पेटी थांबली, गाडी थांबली, मागची सगळी रेशमी रांग थांबली.

बंगल्याच्या फाटकातून शेठ झपझप आला. ओरडला नाही. शेठ कधी ओरडत नसे.

"कायतान, डावीकडे."

"शेठ, मयत आहे."

"दिसतंय मला. तिला तिकडून जाऊ दे. तू डावीकडे वळ." मग माझ्या कानाशी आला. "शनिवार लक्षात आहे ना?"

लक्षात होता. इतका लक्षात होता, की तिथे तिठ्यावर उभं राहून मला गळ्याशी बो टोचत होता, आणि तो तर अजून शिंप्याकडेच होता. मी पाय डावीकडे टाकलासुद्धा.

"मास्तर," मागून रेमेत बाबा म्हणाला. बहिऱ्या माणसासारखाच, सगळ्या तिठ्याला ऐकू जाईल एवढ्याने. "थांबलास का? खांदा भरून आला. हा भाचा म्हणत होता, बँड येणार नाही, श्रीमंताच्या लग्नाला गेलाय. मी म्हटलं, बाबा, तुला आमचा कायतान माहीत नाही. नातालीनला न्यायला तो येणार नाही असं होईल का?"

भाचा खाली मान घालून उभा होता. मी पेटीकडे पाहिलं. तिच्यावर एक फूल नव्हतं. आळीतलं प्रत्येक फूल लग्नासाठी तोडलं होतं, मावशीच्या दारातलंही. जिने सगळ्या गावाच्या माथ्यावर फुलं घातली, तिची पेटी उघड्या लाकडाची, त्यावर नुसती धूळ.

"मास्तर," शेठ म्हणाला.

मी ट्रंपेट ओठांना लावलं. ओठ कोरडे पडले होते. पहिला सूर फाटला. दुसरा लागला. ईस्टरची धून. येशू उठला ती. आणि मी उजवीकडे वळलो.

दुमाने ढोलावर जो दणका दिला, त्याने रस्त्यालगतच्या माडांचे नारळ पडले.

"पप्पा," एडविन म्हणाला.

"बरं, दोन-तीन पडले. पण वळलो."

आता सांग, वरात कुठे जाते? वरात बँडच्या मागे जाते. वरातीतला माणूस रस्ता बघत नाही. तो ढोलाकडे बघतो, नाहीतर पुढच्या बाईच्या साडीकडे. ड्रायव्हरने गाडी उजवीकडे घेतली. मुंबईच्या मंडळींना वाटलं, मांडव समुद्रावर घातलाय, काय थाट आहे. तीही वळली. आळीची माणसं शेवटी होती. त्यांना सगळं कळलं होतं, पण आता मागे राहायला कोण तयार? तिठ्यावर शेठ एकटा उरला. त्याच्यासोबत एक आचारी.

"हे नाही पटत मला," एडविन म्हणाला. "एवढी शिकलेली माणसं, कुणीतरी विचारेलच ना."

"विचारलं. थोडं पुढे गेल्यावर गाडीचं दार उघडलं आणि लुर्दीनने विचारलं."

ती उतरली तशी गाडी थांबली. पांढऱ्याशुभ्र झग्यात, डोक्यावर जाळी, मातीच्या रस्त्यात. नवरा तिच्या झग्याचं टोक धरून मागे. ती भाच्यापाशी आली.

"आत कोण आहे?"

"नातालीन मावशी," भाचा म्हणाला.

"मला कुणी सांगितलं नाही," लुर्दीन म्हणाली. "माझ्या लग्नाची वेणी ती करणार होती. आजारी आहे, येत नाही, एवढंच पप्पांनी सांगितलं." तिने हातातला गुच्छ पेटीवर ठेवला. मग केसांतली वेणी ओढून काढली, तीही ठेवली. गाडीत परत बसलीच नाही. पेटीला एक हात लावून चालायला लागली.

मग काय विचारतोस. नवऱ्याने कोटाला लावलेलं फूल काढलं. करवल्यांनी गजरे काढले. मुंबईच्या बायका मागून विचारायच्या, काय झालं, कोण आहे, आणि आळीच्या बायका सांगायच्या. तुझ्या पहिल्या कम्युनियनचा मुकुट, माझ्या लग्नाची वेणी, सगळं तिचं. गाडीवरच्या माळा तर ड्रायव्हरनेच उतरवल्या. कबरस्तान येईपर्यंत पेटी दिसेनाशी झाली. चार म्हातारे खांद्यावर बाग घेऊन चालले आहेत असं वाटत होतं. रेमेत बाबा म्हणाला, "आता जड लागत नाही."

फाटकापाशी फादर आंद्रू लुनाला टेकून उभे होते, हातात तीर्थाचं भांडं. त्यांनी बँड पाहिला, नवरा-नवरी पाहिली, मागची झगझगीत गर्दी पाहिली.

"कायतान," ते म्हणाले, "हे लग्न मी आत्ताच लावलं ना?"

"हो, फादर."

"मग पुन्हा कुणाचं?"

लुर्दीन म्हणाली, "फादर, मावशीला पोचवायला आलोय."

फादरनी पेटीवर तीर्थ शिंपडलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "नातालीनने सगळ्या गावाच्या नवऱ्या सजवल्या, आणि आपली वरात निघाली नाही म्हणून कधी कुरकुर केली नाही. प्रभूने थांबवून ठेवली होती. या, वऱ्हाडी मंडळी, आत या."

आत गेलो. मूठमाती दिली. मुंबईच्या सूटवाल्यांनी दिली, लुर्दीनने दिली, ड्रायव्हरनेसुद्धा दिली. मग फादर मला म्हणाले, "आता वाजव." मी म्हटलं, "कुठली?" ते म्हणाले, "आलास ती वाजवत, आणि आता मला विचारतोस?"

मी वाजवली. तशी मी आधी कधी वाजवली नव्हती आणि नंतरही मला जमली नाही. समुद्र भिंतीला येऊन लागला होता. माणसं रडत होती आणि रडता रडता पायाने ताल धरत होती. बायकांनी टाळ्या धरल्या. नवरा-नवरी मातीने माखलेल्या हातांनी एकमेकांना धरून गात होती. कबरस्तानात असं गाणं मी ऐकलं नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात एवढी मोठी वरात निघाली नव्हती, आणि ती निघाली एका खोलीत राहणाऱ्या बाईची.

एडविन पुढे सरकून बसला होता. त्याला तसं पाहिलं आणि माझी जीभ थांबेना.

"आणि मग," मी म्हणालो, "फाटकातून शेठ आला. अनवाणी. डोळे लाल. माझ्यापाशी येऊन त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, मास्तर, तू माझे डोळे उघडलेस. शनिवारपासून हॉटेलात तुझाच बँड, आणि पगार दुप्पट."

एडविनने मान हलवली. "हे मात्र पटतं. माणसाला चूक कळली की तो भरपाई करतोच. बाकी वरात, फुलं, ते सगळं तुम्ही रंगवलंत."

सेरफिनने सूप खाली ठेवलं.

"वरात खरी," ती म्हणाली. "फुलंही खरी. फादर जे बोलले ते शब्दन्शब्द खरं. मी होते तिथे, तुझी बायको माझ्या कडेवर होती, तिच्या टोपऱ्यातलं फूलही मी पेटीवर ठेवलं. पण हे शेवटचं खोटं. शेठ तिठ्यावरून हलला नाही. शनिवारी हॉटेलात दुसराच बँड वाजला, आणि मी टोपली घेऊन बाजाराला गेले." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "आणि परत आले तेव्हा हा माणूस केळींना पाणी सोडून बांधावर बसला होता आणि तीच धून वाजवत होता, इतकी गोड, की सगळी आळी कुंपणाशी येऊन उभी होती. मावशीच्या वरातीचा पगार घेतला म्हणून पोराला सांगता? लाज वाटू द्या."